एक्केचाळीस शांत सकाळी

धुळे
६ डिसेंबर १९७३

अक्का,

दोन वर्षांनी लिहितो आहे, आणि तेही कामासाठी. तुझी खुशाली विचारली तर तुला ते वरवरचं वाटेल, म्हणून विचारत नाही.

निंबखोऱ्याच्या तुझ्या शाळेच्या ओट्यावर आम्ही जी लाकडी झडपांची पेटी टांगली आहे, तिच्यातली नोव्हेंबरची कांडी इथे कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोचली. पेटीबरोबर कागद दिला होता, तरी पुन्हा सांगतो. कांडीवरच्या कापडाला शिशाचा लेप असतो. कारखान्याच्या धुरातला गंधक तो महिनाभर ओढून घेतो आणि किती ओढला ते आम्ही मोजतो. आम्लाच्या त्या कारखान्याभोवती अशा सहा पेट्या आहेत. कुठल्या पेटीत काय यायला हवं हे मी कांड्या तपासण्याआधीच गणिताने काढून ठेवलं होतं. चिमणी किती उंच, गंधक किती जळतो, वारा कुठून आणि किती जोरात वाहतो, यावरून ते निघतं. पाच पेट्यांचे आकडे माझ्या गणिताच्या आसपास आले. तुझ्या पेटीत ०.७ यायला हवं होतं. ३.१ आलं.

चौपटीहून जास्त. एवढी चूक हवेत होत नाही, अक्का, ती माणसाच्या हाताने होते. पेटी मूळ जागेवरून हलवली होती का? शेजारी चूल आहे का? कुलूप कोण उघडतं? तू सोडून आणखी कोणाकडे किल्ली असते का? मला सरळ उत्तरं हवीत.

मार्चमध्ये जिल्ह्याची समिती बसणार आहे. कारखान्याला दुसरी भट्टी घालू द्यायची की नाही ते ती ठरवेल. गणित आणि पेट्या जुळतात का, हे तपासून सांगायचं काम आमच्या कॉलेजकडे आणि प्राचार्यांनी ते माझ्याकडे दिलं आहे. कारखान्याचे मालक इंदरचंदशेठ काल इथे येऊन गेले. जाताना म्हणाले, "सर, निंबखोऱ्याच्या मास्तरीणबाई तुमच्या सख्ख्या बहीणच ना?" मी हो म्हटलं. ते नुसते हसले.

नोव्हेंबरात तू गावातल्या तीस बायका घेऊन जळगावला कलेक्टर कचेरीवर गेलीस हे मला वर्तमानपत्रातून कळलं. त्याचा ह्या आकड्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. फक्त कळलं, एवढं लिहितो.

चुडामण


धुळे
२३ डिसेंबर १९७३

अक्का,

तुझं कार्ड मिळालं. सगळ्या मिळून चार ओळी. "पेटी उत्तरेच्या खांबाला आहे, तिथेच आहे. चूल दोनशे पावलांवर. किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात असते. सोबत वहीची नक्कल पाठवते, वाच."

वही वाचली. म्हणजे चाळली. "१२ नोव्हेंबर. पहाटेपासून वास, मुलांचे डोळे चुरचुरले. १३ नोव्हेंबर, वास नाही. १४ नोव्हेंबर, वास, पहिलीतली दोन पोरं खोकून ओकली." असं पानामागून पान. तू मनापासून लिहिलं असशील, पण समितीपुढे मी काय ठेवू? वासाला माप नसतं. एखाद्याला वास यायलाच हवा असेल तर त्याला तो रोज येतो.

आता जे लिहितो ते रागावून वाचू नकोस. गंधक किराणा दुकानात पुडीत मिळतो. चिमूटभर पेटवून पेटीखाली धरला तर महिन्याचा आकडा चौपट व्हायला पाच मिनिटं पुरतात. तू तसं केलंस असं मी म्हणत नाही. पण दाजींच्या केळीची पानं करपली आहेत आणि गावात तुझ्यावर जीव टाकणारी माणसं बरीच आहेत. तुला न सांगता कोणी केलं नसेल कशावरून?

तुझा राग कशाचा आहे ते मला ठाऊक आहे. एकाहत्तर साली ग्रामसभेत गाव कारखान्याला नाही म्हणत होतं. धुराचं गणित तेव्हाही मीच करून सही केली होती. मी उठून म्हणालो, "माझी सख्खी बहीण ह्या गावात नांदते. धोका असता तर मी हो म्हटलं असतं का?" त्या एका वाक्यावर गावाने अंगठे दिले. तुला न विचारता मी तुझं नाव वापरलं हे खरं. पण त्या वाक्यात खोटं काय होतं? माझं गणित तेव्हाही बरोबर होतं, आजही आहे.

डिसेंबरची कांडी काढशील तेव्हा जपून काढ. आम्ही तिच्यावर एक खूण केली आहे. कुठे, ते सांगत नाही.

चुडामण


धुळे
१५ जानेवारी १९७४

अक्का,

काल संक्रांत झाली. तिळगूळ पाठवायचं मनात होतं. राहिलं.

डिसेंबरचा आकडा ३.८. खूण शाबूत आहे, म्हणजे कांडी बदललेली नाही. माझा सहायक सुकदेव याने ती दोनदा तपासली. तो शिरपूरकडचा आहे, आडपडदा ठेवत नाही. मला म्हणाला, "सर, माले तं खोटं काहीच दिखस नही." मी त्याला म्हटलं, खोटं दिसलं असतं तर ते खोटं कसलं?

एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती तुला एव्हाना दाजींकडून कळली असेल. ९ तारखेला मी निंबखोऱ्याला येऊन गेलो. सकाळी धुळ्याहून एसटीने निघालो, नशिराबादला उतरून पायी आलो, पोचेपर्यंत बारा वाजले. तुला कळवलं नव्हतं. मुद्दामच. शाळेसमोरच्या चिंचेखाली तासभर उभा होतो. आभाळ स्वच्छ होतं. चिमणीचा धूर वर चढून पूर्वेकडे लांब निघून जात होता. वासाचा मागमूस नव्हता. तू ओट्यावर आलीस, पेटीवरची धूळ पदराने पुसलीस आणि आत गेलीस. दुसरं काही केलं नाहीस. मी पाहत होतो.

परतताना बांधावर दाजी भेटले. त्यांनी करपलेलं केळीचं पान माझ्यापुढे धरलं. म्हणाले, "पाह्य, ह्ये पान. परवादिशी हिरवं होतं." मी म्हटलं, थंडीनेही पान करपतं. त्यांनी पान खाली टाकलं. मग म्हणाले, "साल्या, तू शाळेवर पाळत ठेवाले आला का?" मी एसटीची वेळ झाली म्हणालो.

त्यांच्याकडूनच कळलं की सकाळची शाळा साडेसातला भरायची, ती तू हल्ली नऊला भरवतेस. हे कोणाला विचारून? जिल्हा परिषदेच्या शाळेची वेळ मास्तरीण आपल्या मर्जीने बदलू शकत नाही. मी भाऊ म्हणून सांगतो. दुसरं कोणी सांगेल तेव्हा फार उशीर झालेला असेल.

चुडामण


धुळे
९ फेब्रुवारी १९७४

अक्का,

तुझी बदली झाल्याचं दाजींच्या पत्रावरून कळलं. यावलच्या पलीकडे, सातपुड्यात, पाड्यावरची एकशिक्षकी शाळा. दाजी लिहितात, एसटी उतरल्यावर सहा मैल चालावं लागतं. वाईट वाटलं.

तक्रार कोणी केली ते मला ठाऊक नाही. दाजींनी विचारलं म्हणून लिहितो. अशा गोष्टींमागे कोण असतं हे सांगता येत नाही. शेठचा हात असू शकेल, त्यांची वरपर्यंत ओळख आहे. गावातला कोणी असू शकेल. तू तीस बायकांच्या पुढे चाललीस, तेव्हा तुझ्यावर डोळा ठेवणारे झालेच असतील. तू फार खोलात शिरू नकोस. डोंगराची हवा चांगली असते, तुझ्या खोकल्याला उतार पडेल.

तू महिन्याच्या मधेच गेलीस म्हणून जानेवारीची कांडी आम्ही बाद धरली. पेटीचं काम आता कारखान्याचे केमिस्ट बन्सीलाल बघतात. शिकलेला माणूस आहे. वेळच्या वेळी कांडी पाठवेल.

अंथरूण पांघरूण पुरेसं नेलंस ना?

चुडामण


धुळे
७ मार्च १९७४

अक्का,

तू उत्तर देत नाहीस. मी तरीही लिहितो, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

फेब्रुवारीचा आकडा आला. माझं गणित ०.७२ म्हणत होतं. कांडी ०.७१ म्हणाली.

पहिल्यांदा मला आनंद झाला. मी तो कागद घेऊन प्राचार्यांकडे निघालोसुद्धा. जिन्यात थांबलो. नशिराबादची पेटी आणि माझं गणित यांत वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक पडतो. बाकीच्या चार पेट्यांतही थोडाफार पडतोच. हवा काही माझी वही वाचून वाहत नाही. मग निंबखोऱ्यातच ती इतकी आज्ञाधारक कशी झाली? आणि माझा आकडा बन्सीलालला ठाऊक होता. फेब्रुवारीचा अंदाज म्हणून शेठना दिलेल्या अहवालात तो आधीच छापलेला आहे.

मी खाली प्रयोगशाळेत आलो. सुकदेव कांडीचं कापड हातात घेऊन बसला होता. त्याला काही विचारायच्या आधीच म्हणाला, "सर, महिनाभर बाहेर टांगेल कांडी शे, आन् तिच्यावर धूळ नही?"

खान्देशातला फेब्रुवारी, बैलगाड्यांचा रस्ता, पोरांची शाळा, आणि कापडावर धुळीचा कण नाही. ती कांडी पेटीत नव्हतीच. कोणाच्या तरी कपाटात होती. हिशेबाने चार थेंब आम्ल लावून तिचा आकडा बसवलेला होता.

मग तुझ्या दोन्ही कांड्या आठवल्या. नोव्हेंबरची आणि डिसेंबरची. दोन्ही मातीने माखलेल्या होत्या. आम्हाला त्या झटकून घ्याव्या लागल्या होत्या.

उद्या निंबखोऱ्याला जातो. ह्या वेळी दाजींना कळवून. मुक्कामाला.

चुडामण


निंबखोरे
१५ मार्च १९७४

अक्का,

तुझ्या घरात, तुझ्या कोनाड्यासमोर बसून लिहितो आहे. मी आठवडाभर इथे आहे. दाजींनी एकही प्रश्न विचारला नाही. पहिल्या दिवशी ताट वाढलं, कळण्याची भाकरी, ठेचा, आणि म्हणाले, "जेव. मंग पाहू."

पाच दिवस पहाटे वारा होता. धूर माझ्या गणितासारखा वागला. मनात पुन्हा संशय शिरू लागला होता, तुझ्याविषयी. हे लिहायला लाज वाटते पण खरं तेच लिहितो. काल दाजींनी मला पाचलाच उठवलं. "चाल. आज पान हालत नाही." आम्ही नाल्याच्या काठावर केळीत जाऊन बसलो. थंडी होती. एकही पान हलत नव्हतं. चिमणीतून धूर निघाला, थोडा वर गेला आणि थांबला. पुढे जायला त्याला वारा नव्हता. मग तो हळूहळू खाली बसला, उताराला लागला आणि नाल्यानाल्याने गावात शिरला. शाळेचा ओटा सगळ्यात आधी बुडाला. माझ्या घशात कोणीतरी सुई फिरवावी तसं झालं. दाजींनी पंचा ओला करून माझ्या तोंडाला लावला. ते स्वतः नुसतेच बसले होते, सवयीने. साडेआठला ऊन तापलं, वारा सुटला आणि बघता बघता सगळं साफ झालं. नऊ वाजता तिथे काही झालं होतं असं कोणाला सांगूनही पटलं नसतं.

नऊ वाजता. तू शाळा नऊलाच भरवत होतीस.

आता मुख्य सांगतो. जळगावच्या वेधशाळेत रोज सकाळी वाऱ्याची नोंद होते. वारा नसेल त्या दिवशी वहीत "शांत" लिहितात, म्हणजे वेग शून्य. माझ्या सूत्रात वाऱ्याच्या वेगाने भागावं लागतं. शून्याने भागता येत नाही, हे तू मला तिसरीत असताना सांगितलं होतंस. मग मी काय केलं? ते दिवस काढून टाकले. नोव्हेंबर-डिसेंबरच्या एकसष्ट दिवसांपैकी एक्केचाळीस. उरलेल्या वीस दिवसांवर सरासरी काढली आणि तिला महिन्याची हवा म्हटलं. कोणाला सांगितलं नाही. अहवालात खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे, "अपुऱ्या नोंदी वगळल्या." त्या अपुऱ्या नव्हत्या. त्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाकीच्या पाच पेट्या उंचवट्यावर आहेत, तिथे धूर साचत नाही, म्हणून तिथे गणित जुळत राहिलं आणि मी निर्धास्त झालो.

तुझ्या वहीची नक्कल मी बरोबर आणली होती, डिसेंबरच्या शेवटची पानं दाजींनी कोनाड्यातल्या मूळ वहीतून दाखवली. काल दुपारी ते एक्केचाळीस दिवस आणि तुझे वासाचे दिवस शेजारी शेजारी मांडले. छत्तीस जुळले.

आणि दुसरं. तक्रार मी केली होती. १७ जानेवारीला, गटशिक्षणाधिकाऱ्यांना. "सदर शिक्षिका कारखान्याविरुद्धच्या चळवळीत आहेत, त्यांच्याकडील नोंदी विश्वासार्ह नाहीत, शाळेच्या वेळाही त्या मनाने बदलतात." मला वाटलं होतं, पेटी तुझ्याकडून काढून घेतील. बदली करतील असं वाटलं नव्हतं. हेही पूर्ण खरं नाही. वाटलं होतं. तरी पाठवलं.

मुलांना धुरातून वाचवायला तू शाळा उशिरा भरवलीस, आणि तेच मी तुझ्याविरुद्ध लिहिलं.

समिती २२ तारखेला आहे.

चुडामण


धुळे
२७ मार्च १९७४

अक्का,

समितीपुढे उभा राहिलो. आठ माणसं होती. शेठ मागच्या खुर्चीवर, बन्सीलाल त्यांच्या शेजारी. मी म्हणालो, "माझं गणित चूक नाही, पण ते निंबखोऱ्याला लागू नाही, आणि हे मला आधीपासून कळायला हवं होतं." मग काढून टाकलेले दिवस सांगितले, वही ठेवली, फेब्रुवारीची कांडी ठेवली.

अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे एका प्राथमिक शिक्षिकेच्या नाकावर आम्ही विश्वास ठेवायचा?"

मी म्हटलं, "साहेब, नाकावर नको. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या दोन कांड्यांवर ठेवा. त्या धुळीने माखून आल्या होत्या."

बन्सीलाल उठून काहीतरी बोलू लागला, तर शेठनी त्याला हाताने खाली बसवलं. नंतर बाहेर मला गाठून ते हळू आवाजात म्हणाले, "सर, एकाहत्तर साली तुम्हीच सही केली होती. मी तुमच्यावर भिस्त ठेवून कारखाना बांधला." त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती. कपाटातली कांडी त्यांच्या सांगण्यावरून होती का, हे मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं असतं तरी त्यांच्या उत्तरावर विश्वास ठेवला नसता.

दुसरी भट्टी थांबली आहे. नामंजूर नव्हे, थांबली. एक वर्ष नव्याने मोजणी होणार, पेट्यांच्या किल्ल्या ग्रामपंचायतीकडे राहणार, आणि थंडीत पहाटेचा वारा पडला की भट्टी मंद ठेवायची असं ठरलं. कोण पाहणार, ते ठरलं नाही. माझ्याकडून काम काढून घेतलं. प्राचार्य माझ्याशी कामापुरतं बोलतात.

गटशिक्षणाधिकाऱ्यांना जाऊन भेटलो. तक्रार मागे घेतो म्हटलं. ते म्हणाले, तक्रार मागे घेता येते, बदली घेता येत नाही, जूनपर्यंत थांबा. मी त्यांच्यासमोरच लेखी दिलं की तक्रार खोटी होती. नक्कल सोबत जोडली आहे.

मला क्षमा कर असं लिहिणार होतो. तीनदा लिहून खोडलं. तू काय ते कळव. शिवी दिलीस तरी चालेल.

तुझा
चुडामण


आंबापाडा, ता. यावल
११ एप्रिल १९७४

चि. चुडामण,

तुझी शेवटची तिन्ही पत्रं एकदम मिळाली. इथे टपाल आठवड्यातून एकदा येतं, तेही बाजाराला कोणी खाली गेलं तर.

समितीपुढे बोललास ते बरं झालं. पोरांना निदान एक हिवाळा तरी सुखाचा जाईल. भट्टी मंद ठेवतात की नाही ते गावातल्या बायका बघतील, ती काळजी तू करू नकोस.

तू लिहितोस, एक्केचाळीसपैकी छत्तीस दिवस जुळले. मला वाटलं होतं उरलेल्या पाचांचं तू विचारशील. दोन दिवस मी बायकांबरोबर जळगावला होते. तीन दिवस तापाने पडले होते, नाकाला काही कळत नव्हतं. जे कळलं नाही ते लिहिलं नाही.

एवढं वाचून तुला पुन्हा बरं वाटेल की बहीण खरी निघाली. पण मला एक सांग. वही जुळली म्हणून मी खरी ठरले. ती जुळली नसती तर? पाच दिवस वारा राहिला तेव्हा तुझा संशय परत आलाच होता. सहाव्या दिवशीही वारा राहिला असता तर तू गुपचूप धुळ्याला परत गेला असतास आणि मी ह्या डोंगरात खोटारडी म्हणून म्हातारी झाले असते. चौतीस वर्षं तू मला ओळखतोस. त्या ओळखीवर तुला एक दिवससुद्धा काढता आला नाही का? ह्याचं उत्तर पत्राने देऊ नकोस. पत्रात तू फार चांगलं लिहितोस.

तक्रारीचं तू आता कबूल केलंस. मला ते जानेवारीतच माहीत होतं. साहेबांनी बदलीचा हुकूम हातात दिला तेव्हा तक्रारीचा कागद टेबलावर उघडा होता. सही त्यांनी हाताने झाकली होती. पण अक्षर कसं झाकणार? पाटीवर तुझा हात धरून ते मीच वळवलं आहे. तुझा "ण" आजही पोट फुगवून उभा राहतो. म्हणून नऊ फेब्रुवारीच्या पत्रात तू अंथरुणाची चौकशी केलीस तेव्हा मी उत्तर दिलं नाही. काय देणार होते?

इथली मुलं चांगली आहेत. बावीस आहेत, पायी येतात, वेळेआधी येतात. मी जूनमध्ये परत मागणार नाही. दोन वर्षं तरी इथेच राहीन, त्यांना बाराखडी पुरी यायला हवी. दाजींना ते कळवलं आहे, ते रुसले आहेत, समजतील.

एक गोष्ट मात्र दाजींना मी अजून सांगितलेली नाही. तू आठवडाभर त्यांच्या घरी राहिलास, त्यांच्या हातची भाकरी खाल्लीस, माझ्या कोनाड्यासमोर बसून मला सगळं लिहिलंस, आणि ते पलीकडच्या खोलीत होते. त्यांना अजून वाटतं की बायकोची बदली शेठने केली. बाजारात ते शेठला रामराम करत नाहीत.

ते तू सांगायचं. समोर बसून. मी सांगणार नाही.

सांगून झालं की मग इकडे ये. एसटी दुपारी येते. सहा मैल चढ आहे, सावकाश चाल.

अक्का